मधे काहीतरी सांडलंय

"दोघंही खरं बोलतायत. मधे काहीतरी सांडलंय." आमच्या सरांचं प्रत्येक काम या वाक्याने सुरू व्हायचं. समोर दोन माणसं एकमेकांवर खेकसत असोत की दोन कंपन्यांचे कॉम्प्युटर एकमेकांना ओळख देत नसोत, सर आधी उजवा तळहात वर करायचे, रस्त्यात बस थांबवावी तसा. मग हे वाक्य टाकायचे आणि सांडलेलं शोधायला लागायचे.

आम्ही त्यांना नुसतं सर म्हणायचो. शिकवत वगैरे ते कुठेच नव्हते, प्रोग्रॅमर होते. भिवंडीतल्या व्यापाऱ्यांनी तेव्हा नुकत्याच वेबसाइट करून घेतल्या होत्या आणि एका कंपनीची सिस्टीम दुसरीला माहिती पाठवू लागली होती. पाठवणारा म्हणायचा, आमच्याकडून गेलं. घेणारा म्हणायचा, आम्हाला मिळालंच नाही. अशी जुंपली की सरांना बोलावणं जायचं. कामतघरहून त्यांची स्कूटर खोकत खोकत यायची.

खुर्ची दिली तरी ते बसायचे नाहीत. कापडाच्या ताग्यांवर टेकायचे आणि फोन स्पीकरवर टाकायचे. पलीकडचा माणूस तावातावाने बोलू लागला की म्हणायचे, "काय झालं ते सांगा साहेब. कुणी केलं ते राहू द्या." त्यांच्या चाळीत नळावरून भांडण लागलं तरी बायका त्यांनाच हाक मारत, आणि तिथेही हेच चालायचं. त्यांच्या बायकोचं म्हणणं मात्र वेगळं होतं. "बाहेरच्यांचं सगळं ऐकतात. घरात मीठ संपलंय हे तेवढं यांच्यापर्यंत पोचत नाही."

वडप्याच्या एका गोदामात एकदा गंमत झाली. वेबसाइटवर लोकांनी पत्ते मराठीत भरले आणि गोदामाच्या कॉम्प्युटरवर त्यांची नुसती प्रश्नचिन्हं उमटली. ड्रायव्हर कागद हातात घेऊन विचारायचा, "साहब, ये कौन सा गाँव है?" दोन्हीकडचे लोक एकमेकांना मूर्ख ठरवून मोकळे झाले होते. सर म्हणाले, त्यांनी मराठी पाठवली, यांच्याकडे मराठीला बसायला जागाच नाही, दोघांचं बरोबर आहे. संध्याकाळपर्यंत त्यांनी ती जागा करून दिली. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, त्याला जपा.

मला सर खरे कळले ते माझ्यावर बालंट आलं तेव्हा. मी अंजूरहून बाबांच्या रिक्षातून रोज कामाला यायचे. आमच्या घरातली ऑफिसात बसणारी मी पहिलीच. आमच्या शेठचे पॉवरलूम होते, कापड विणायचे यंत्रमाग. मुंबईची एक मोठी कंपनी आपल्या वेबसाइटवरून कापडाच्या ऑर्डरी पाठवायची, त्या आमच्या कॉम्प्युटरवर यायच्या आणि मी त्या छापून लूमवर द्यायचे. आणि एकाएकी त्यातल्या काही ऑर्डरी गायब व्हायला लागल्या.

मुंबईवाले म्हणत, ऑर्डर मिळाल्याचं उत्तर तुमच्याच कॉम्प्युटरने दिलंय. आमच्याकडे तर ऑर्डरीचा मागमूस नाही. शेठ मूळचे वडप्याचे, बोलायला रोखठोक. सगळ्या ऑफिससमोर त्यांनी मला विचारलं, "त्यांचा कॉम्प्युटर सांगतो आर्डर भेटली. आपल्यात तर न्हाय. मंग गेली कुठं? दुसऱ्या लूमवाल्यानं काय दिलं तुला?"

म्हणजे मी ऑर्डरी पुसून टाकते आणि दुसऱ्याला विकते. आठवडाभर हे चाललं होतं. घरी बाबा म्हणाले, "बाय, चोर म्हणवून घ्यायला जातेस का तिथं? उद्यापासून जाव नको." मी म्हटलं, "न्हाय गेले तर खरीच चोर ठरन." आणि तशीच जात राहिले. शेवटी शेठनी सरांना बोलावलं आणि सांगून टाकलं, आज हिचा निकाल लावायचा.

सर आले. आज तळहात वर झाला नाही, ते वाक्यही नाही. माझ्याकडे न बघता म्हणाले, "मॅडम, खुर्ची मागे घ्या. अजून मागे. भिंतीला लावा. हात मांडीवर ठेवा." माझे कान तापले. वाटलं, झालं, यांनीही मला चोर ठरवलं. शाळेत कधी मला असं कोपऱ्यात बसवलं नव्हतं.

त्यांनी शेठना आपल्या शेजारी उभं केलं आणि मुंबईच्या प्रोग्रॅमरला फोनवर सांगितलं, "हरवलेली एक ऑर्डर परत पाठवा. जशीच्या तशी." पलीकडून आवाज आला, "पाठवली. मिळाल्याचं उत्तरही आलं." आमच्या स्क्रीनवर मात्र काहीच आलं नाही.

"शेठ, कीबोर्डला कुणी हात लावला?"

"न्हाय."

"मॅडम कुठे आहेत?"

शेठनी मान वळवून भिंतीकडे पाहिलं. "तिथं हाय," ते पुटपुटले. मला भिंतीशी का बसवलं ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं.

सर भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले. हरवलेल्या ऑर्डरींच्या डिलिव्हरीच्या तारखा फोनवरून विचारत गेले, पानं उलटत प्रत्येक तारखेवर बोट ठेवत गेले. सगळे शुक्रवार निघाले. भिवंडीत शुक्रवारी लूम बंद. पूर्वी मुंबईच्या कंपनीचा इथलाच दलाल ऑर्डरी भरायचा, त्याच्या हातून शुक्रवारची तारीख जन्मात पडली नसती. तो काम सोडून गेला आणि आता मुंबईतला कुणी नवा माणूस मनाला येईल ती तारीख टाकत होता. आमचा प्रोग्रॅम त्याला आधी 'मिळाली' म्हणून कळवायचा, मग शुक्रवार दिसला की ऑर्डर टाकून द्यायचा. तो प्रोग्रॅम सरांनीच लिहिला होता.

त्यांनी तो स्क्रीनवर उघडला आणि बराच वेळ वाचत बसले. गुपचूप दुरुस्त करून 'इंटरनेटचा प्रॉब्लेम होता' म्हणाले असते तर आमच्यापैकी कुणालाही पत्ता लागला नसता. ते उठले.

"शेठ, हे माझं आहे. शुक्रवारची ऑर्डर शनिवारवर ढकलायची होती. मी काढून टाकण्यापुरतं लिहिलं, पुढचं लिहायचं राहिलं. पोरीचा यात काही संबंध नाही."

सर हळू आवाजातच म्हणाले, "तिला जे बोललात ते सगळ्यांसमोर बोललात. हेही सगळ्यांसमोर सांगा." शेठनी दारात जाऊन लूमच्या सुपरवायझरला हाक मारली आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं सांगितलं, "पोरीनं काय केलं न्हाय. सरांचं चुकलं." मला हसू आलं, मग रडू आलं, आणि मग सपाटून भूक लागली. आठवडाभर मी अर्धा डबा तसाच परत नेत होते. त्या दिवशी सगळा संपवला आणि सुपरवायझरच्या डब्यातली भाकरीही खाल्ली.

पुढे शेठनी सरांचं काम काढून दुसऱ्याला दिलं. थोड्या दिवसांनी ते भिवंडी सोडून मुलाकडे जाणार असल्याचं कानावर आलं.

त्या सुमारास एकदा ते नाक्यावर स्कूटर थांबवून उभे दिसले. तेच शेवटचं दिसणं. मी बाबांच्या रिक्षात होते. "बाबा, हे सर," एवढंच म्हटलं, तर बाबांनी रिक्षा भर रस्त्यात उभी केली आणि उतरून हात जोडले. मागे हॉर्नचा कल्ला सुरू झाला. "सर, माझी पोर तुमच्यामुळं तिथं टिकली."

सर हसले. "अहो, माझ्यामुळेच जाणार होती ती," म्हणाले, आणि स्कूटरला किक मारली.

ते दिसेनासे झाले तरी बाबा हात जोडून रस्त्यात उभेच होते.