अक्काची तुराटी

हिवाळ्यात आमच्या घरी चूल दिवसातून एकदाच पेटायची आणि ती पेटवायचा मान अक्काचा. अक्का म्हणजे अण्णांची, माझ्या वडिलांची, थोरली बहीण. नवरा गेल्यावर तेरजवळच्या आमच्या गावी परतली ती कायमचीच. एकाच जाळावर ती भाकरी-कालवण उरकायची, आंघोळीचं पाणी तापवायची, उरलेला विस्तव लोखंडी पाटीत घेऊन आम्हा पोरींना शेकायला द्यायची. राखेनं भांडी घासायची. जुन्या लुगड्यांच्या वाकळा शिवायची.

गल्लीतल्या बाया तिला चिंगूस म्हणत. ते तिच्या कानावर होतं. एकदा ती आईला म्हणाली, "चिंगूस दुसऱ्याचं दाबून ठिवतो. म्या माजं राखते."

मोठ्या दुष्काळानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात तूर बरी आली, पण रानात जळण उरलं नव्हतं. बाभळी आदल्या वर्षीच तोडून झालेल्या. रॉकेल मिळालं तर मिळालं. सगळी भिस्त तुराट्यांवर. तूर बडवून झाली की उरलेल्या काड्या बडवणाऱ्या बायांनी न्यायच्या, ही गावची जुनी रीत. त्या वर्षी सोसायटीच्या चेअरमननं, ज्याची तूर सगळ्यात जास्त, सांगून टाकलं की तुराट्या वीटभट्टीला जाणार, कुणी हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी अक्का त्याच्या खळ्यावर गेली आणि बांधावर बसली. तिच्या शेजारी एकेक करत तूर बडवायला आलेल्या सगळ्या बाया बसल्या. बडवायच्या काठीला कुणी हात लावला नाही.

अण्णा सोसायटीच्या गोदामात कामाला होते. चेअरमननं त्यांना बोलावून घेतलं, बहिणीला समजाव म्हणाला. अण्णा खळ्यावर आले आणि खाली बघत तिला म्हणाले की माझ्या नोकरीचा तरी विचार कर.

अक्का म्हणाली, "अण्णा, तुजी नोकरी त्याच्या हातात हाय. माजे हात त्याच्या हातात न्हाईत."

दुपारी आभाळ भरून आलं. तूर उघड्यावर, शेंगा तडकायला लागलेल्या. चेअरमन स्वतः आला, कामाला लागा, तुराट्यांचं मागून बघू म्हणाला. अक्कानं ते सगळ्यांसमोर आत्ताच बोलायला लावलं. त्यानं तुराट्या न्या म्हटलं, तेव्हाच बाया उठल्या. त्या दिवशी आम्ही डोक्यावर मावतील एवढ्या मोळ्या आणल्या.

त्याच आठवड्यात अण्णांना गोदामातून काढलं. आई दोन दिवस अक्काशी बोलली नाही. अक्का अण्णांबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला जाऊ लागली. हातांना फोड आले, ते तिनं कुणाला दाखवले नाहीत.

महिन्याभरानं सोसायटीचा शिपाई निरोप घेऊन आला. अक्कानं येऊन चुकलं म्हणावं, अण्णांना परत घेऊ. अक्का भाकरी थापत होती. तिनं अण्णांकडं पाहिलंसुद्धा नाही. ठरवायचं ते तूच ठरव, असं ते न पाहणं होतं. अण्णा जन्मात कुणापुढं आवाज चढवून बोलले नव्हते. तेव्हाही चढवला नाही.

"चेअरमनला सांगा," ते म्हणाले, "अक्का येनार न्हाय. आन म्याबी न्हाय."

अक्कानं भाकरी तव्यावर टाकली. आईनं शिपायाला चहा विचारला.

पुढं काही वर्षांनी अक्का तापानं गेली. अण्णा गोदामात परत कधी गेले नाहीत. पूर्वी चेअरमनची जीप दिसली की ते सायकलवरून उतरून कडेला उभे राहायचे. आता जीप आली तरी ते पायडल मारत राहायचे, आणि जीपलाच वाट काढावी लागायची.