गणपतीच्या जागी टेबल

विश्रांतवाडीच्या बागेत ते मला रोज दिसतात, पण नाव मी कधी विचारलं नाही. चपला हातात घेऊन, पायजमा पोटरीपर्यंत दुमडून ते हिरवळीवर चालतात, जणू पुढून लाट येणार आहे. बायको गेल्यावर ते इथे मुलाकडे आले. कोकणातलं त्यांचं समुद्राकाठचं घर पुण्याच्याच एका आयटीवाल्याने भाड्याने घेतलंय. तो तिथे बसून ऑफिसचं काम करतो.

परवा बाकावर टेकत म्हणाले, "आमचा गणपती बसतो ना, नेमकं तिथेच भाडेकरूचं टेबल आहे. मला विचारतो, 'काका, सणात मी कुठे बसू?' म्हटलं, पुण्यात, माझ्या खोलीत!"

मी हसलो. मग न राहवून विचारलं, "अहो, तुमचा मुलगाही आयटीतच ना? तोच का नाही राहिला तिथे?"

"तेव्हा म्हणायचा, बाबा, गावात इंटरनेट नाही."

"आणि आता?"

"भाडेकरूने आल्या आल्या घेतलं की! लगेच मुलाला म्हटलं, चल, आता आपणच जाऊन राहू." त्यांनी वाकून पायजम्याची घडी सोडली, चपला घातल्या. "तर म्हणतो, बाबा, आता घर कुठे रिकामं आहे?"