देवऱ्यांकडचं पिठलं

आता हे मीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं, तर आमच्या अपार्टमेंटचा वॉचमन सांगेल, आणि तो फार मीठमसाला लावून सांगतो!

गेल्या वर्षी आई गेली. फैजपूरकडचं घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेवढ्यात धुळ्याला बदली झाली, म्हणून मी आणि बायको सुमन इथे आलो. तिसरा मजला, लिफ्ट, नळाला पाणी. सगळं छान. फक्त माणसं नाहीत!

म्हणजे आहेत, पण दारामागे. सुमनने येताना शेतातली केळी आणली होती. मजल्यावर प्रत्येक दारी एकेक फणी द्यायला गेली. दार वीतभर उघडायचं, एक हात बाहेर यायचा, केळी आत, "थँक्यू हं," आणि दार बंद.

"दिवाळीपर्यंत बघते," सुमन म्हणाली. "तोवर कुणी 'चहाला या' म्हटलं नाही, तर मी चालले गावाला. तुम्ही बसा लिफ्टशी बोलत."

सुमन बोलली की बोलली. मग मीही हट्टाला पेटलो. या मजल्यावर एक तरी घर आपलंसं करायचंच!

संधी रविवारी सकाळी जिन्यात भेटली. समोरच्या फ्लॅटमधले देवरे. डोक्याचा चकोट, मिशी साफ, डोळे सुजलेले, हातात बॅग. आठवडाभर त्यांच्या दाराला कुलूप होतं. त्यांच्या आई, अक्का, एरवी बाल्कनीत बसलेल्या दिसायच्या. त्याही दिसल्या नव्हत्या.

आता तुम्हीच सांगा, माणूस काय समजेल? आईच्या वेळी मीही असाच दिसत होतो. आणि अशा वेळी काही विचारायचं नाही, ही आमच्याकडची रीत. मी नुसते हात जोडले. त्यांनीही जोडले. संपलं!

घरात येऊन म्हटलं, "सुमन, अक्का गेल्या."

"अगं बाई! कधी?"

"गावी नेलं असणार. आत्ताच परतलेत."

सुमनने पदर खोचला. "मग त्यांच्याकडे आज गॅस पेटायचा नाही. मी पिठलं टाकते."

आईच्या वेळी आमच्याकडे शेजारच्या घरांतूनच जेवण यायचं. डबा कोण ठेवून गेलं, तेही कळायचं नाही. आम्हा दोघांनाही ते आठवलं.

भाकरी होईपर्यंत मी गप्प बसायचं ना? छे! वर जाऊन सोसायटीच्या सेक्रेटरी कुलकर्णीबाईंना सांगितलं.

"नक्की ना, भाऊ?"

"अहो, डोळ्यांनी पाहिलं मी!"

काय पाहिलं होतं? टक्कल!

बाईंनी ग्रुपवर टाकलं. बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. 'अक्का फार प्रेमळ होत्या,' असं एकाने लिहिलं. त्याने अक्कांना जन्मात पाहिलं नव्हतं. देवऱ्यांचा फोन प्रवासात बंद पडलेला. नाहीतर तिथेच निभावलं असतं.

मग आम्ही निघालो. पुढे मी, खांद्यावर उपरणं. मागे सुमन, हातात पिठल्याचं पातेलं आणि भाकऱ्या. त्यामागे अख्खी बी विंग, शेवटी वॉचमन. देवऱ्यांनी दार उघडलं आणि गर्दी बघून चार पावलं मागेच सरले. आम्ही आत जाऊन फरशीवर बसलो. बिचारे देवरेही बसले.

मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. "धीर धरा. आईची जागा कुणी भरून काढत नाही." आवाज जरा फाटलाच माझा.

देवऱ्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या आई गेल्या का हो?"

"माझी गेल्या वर्षी. तुमची?"

"माझी आत आहे. प्रसादाचे लाडू फोडतेय."

तेवढ्यात लाडवाचं ताट घेऊन अक्काच बाहेर आल्या! "कोन गयं रे भाऊ?"

वॉचमनने सरळ त्यांच्याकडेच बोट केलं.

"मी? मी तं आठेच शे ना! तिरुपतीहून उनूत आम्ही बठ्ठा!" म्हणजे सगळेच तिरुपतीहून आले होते; अक्का लिफ्टने, चकोट जिन्याने!

सुमनने माझ्याकडे पाहिलं. मला तिची भरलेली बॅगच दिसायला लागली. दिवाळी कशाला, संध्याकाळचीच गाडी!

अक्कांनी पातेल्यावरचं झाकण उचललं. "पिठलं? मन्हा करता?"

"हो," सुमन कसंबसं म्हणाली.

अक्का तिथेच बसल्या, भाकरी मोडली आणि जेवायला लागल्या. स्वतःच्या सुतकाचं जेवण, आणि वर सुनेकडून मिरचीचा ठेचा मागून घेतला! बोट चाटून त्या सुमनला म्हणाल्या, "पोरी, मी खरंच जासू तवय बी तूच रांधजो. तवलोंग आठून हालानं नही!" तोवर इथून हलायचं नाही, असा हुकूमच!

मग आत सुनेला हाक मारली, "वं बाई, बठ्ठासले चहा ठेव!"

एवढ्या कपांची जुळवाजुळव करायला त्या दिवशी मजल्यावरची सगळी दारं उघडली. सुमन राहिली. आता तर दुपारी ती घरी सापडत नाही.

आणि माझं म्हणाल, तर बिल्डिंगमधलं कुणीही तिरुपतीला निघालं, की आधी आमची बेल वाजवतं.

"भाऊ, केस देऊन येतो. घरी सगळे ठणठणीत आहेत. आत्ताच मोजून घ्या!"