पांढऱ्या डब्यातलं लोणचं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला तर नाहीच — तिला सांगायची छाती असती, तर इथे लिहीत कशाला बसलो असतो?

धामणगाव बढ्याच्या शाळेत मी विज्ञान शिकवायचो. द्रावण, द्रावक, विसरण — सगळं तोंडपाठ. पण साधी बरणी काही मला उचलता आली नाही. लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलेली, तिला लोणचं हवं होतं आणि मला बाप म्हणून मिरवायचं होतं. चिनी मातीची ती बरणी फळीला आपटली, तडकली. बायको बाहेर गेलेली. मी घाईघाईनं लोणचं एका पांढऱ्या प्लास्टिकच्या डब्यात भरलं.

बायको आल्या आल्या म्हणाली, “अवो, आंबट-तेलाचं प्लास्टिकात ठेवू नाई म्हनते माही माय. काऊन भरलं?”

मी ऐटीत सांगितलं, हा खास खाण्याच्या वस्तूंचा डबा आहे, बुलडाण्याहून आणलाय.

“तुमी सायन्सचे मास्तर. तुमालेच मालूम!”

डबा कसला होता? सांगतो — जरा थांबा.

लेक रोज दोन फोडी खायची. नववा महिना लागला तेव्हा डबा अर्धा रिकामा झाला होता. सहज आत पाहिलं, तर भिंत तांबूस-पिवळी. कपड्यानं पुसली, जाईना. ब्लेडनं खरवडली — रंग आतही होता! मी बघतच राहिलो. एवढी गुळगुळीत, मुकी भिंत, आणि तेल तिच्यात शिरलं होतं — दार नाही, भोक नाही! आयुष्यभर विसरण — एक पदार्थ दुसऱ्यात आपोआप पसरणं — शिकवलं, पाहिलं त्या दिवशी. आमच्या फळीवर, आवाज न करता, हे केवढं मोठं काम चाललं होतं! आणि मग दुसरा विचार आला — तेल भिंतीत जातं, तर भिंतीतलं लोणच्यात येत नसेल? आलेलं गेलं कुठं? लेकीच्या पोटात. आणि तिच्या पोटातून — ?

तो डबा डिस्टेंपरचा होता. घराच्या भिंतींना दिलेल्या अबोली रंगाचा. वरचा कागद मीच खरवडून काढला होता.

तेव्हा तरी बोलायचं! मी झाकण लावलं आणि डबा फळीवर ठेवून दिला. मास्तर चुकला, हे मास्तराला म्हणवेना.

नात झाली. ती पाच महिन्यांची झाल्यावर लेक हिवरा आश्रमला, सासरी निघाली. बायकोनं तोच ‘खास’ डबा घासून, उन्हात वाळवून त्यात नातीच्या खिमटीचं पीठ भरून दिलं. एसटीत डबा मांडीवर घेत लेकीनं विचारलं, “बाबा, ह्यात लेकराचं ठेवलं तं चालते ना?”

खिडकीखाली उभा होतो मी. गाडी सुटायला वेळ होता. भरपूर वेळ होता.

“चालते. बिनधास्त ठेव.”

नात आता पहिलीत आहे. हसती-खेळती आहे. तिच्यात काय गेलं, काही गेलं की नाही — मला कधीच कळणार नाही. पण लेकीनं विचारलं मला होतं. आणि मला माहीत होतं.