डुआलाला न पोचलेली यंत्रं

क्रांती रणपिसे जर्मनीतल्या रेगेन्सबर्गला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्टिंग करते. दुसऱ्याने 'चालतंय' म्हटलं, की ते खरंच चालतंय का हे बघणं हा तिचा पेशा. घरीही ती तशीच. दार लावलंय असं नवऱ्याने, यशपालने, सांगितलं तरी ती जाऊन एकदा ओढून बघते.

हे तिच्यात कुठून आलं ते ती सहसा बोलत नाही. पुण्यात शिकताना आडनाव ऐकल्यावर तिला दोन-तीन ठिकाणी खोली नाकारली होती. सगळ्यांनी अगदी गोड बोलून. "अगं, आत्ताच एकीला दिली बघ." तेव्हापासून गोड बोलणाऱ्याची तिला धास्ती आहे.

म्हणूनच तिला लिंडनर आवडले. हॉस्पिटलातून निवृत्त झालेले तंत्रज्ञ, तुटक बोलणारे, वेळेचे पक्के. डॅन्यूब नदीवरच्या गोदीजवळ एका भाड्याच्या गोदामात त्यांची छोटी संस्था होती. इथल्या दवाखान्यांतून निघालेलं सामान गोळा करायचं आणि कॅमेरूनमधल्या डुआला शहरातल्या एका क्लिनिकला पाठवायचं. क्रांती शनिवारी तिथे जाऊ लागली. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन वेगळा करून रुग्णाला देणारी यंत्रं, तपासायचं काम तिच्याकडे आलं. जे यंत्र नीट चाले, त्याच्या चाकापाशी ती निळी चिकटपट्टी लावायची. जे नीट चालत नसे ते भंगारात.

"कंटेनर मी भरतो," लिंडनर म्हणाले. "तुम्हाला ऑफिस असेल."

कंटेनर हॅम्बुर्गहून जहाजावर चढला. क्रांती रोज फोनवर त्या जहाजाचा ठिपका बघायची. पश्चिम आफ्रिकेला वळसा घालून ठिपका कॅमेरूनच्या किनाऱ्याशी आला आणि डुआलाकडे वळलाच नाही. समुद्रात थांबला, मग दक्षिणेला क्रिबी नावाच्या बंदरात शिरला.

तिने लिंडनरना विचारलं. ते म्हणाले, "जहाजाचं सोडा. तिकडच्या लोकांवर लक्ष ठेवा."

तिकडचा माणूस म्हणजे सर्ज एवाने. क्लिनिक तोच चालवायचा. जर्मनीत आखेनला शिकून गेलेला, त्यामुळे जर्मन उत्तम, आणि बोलणं लाघवी. क्रांतीच्या मनात तिथेच पाल चुकचुकली.

"जहाज क्रिबीला का गेलं?" तिने व्हिडिओ कॉलवर विचारलं.

"डुआला समुद्रावर नाही, रणपिसेबाई. नदीच्या मुखातून बरंच आत आहे. नदी गाळ आणते. कितीही उपसा, पुन्हा भरतो. मोठी जहाजं आत येऊ शकत नाहीत. क्रिबीला पाणी खोल आहे. तिथे उतरवतात आणि ट्रकने इकडे आणतात."

तिने नकाशे काढून बघितलं. खरं होतं. तरी तिचं समाधान होईना. क्रिबी ते डुआला एवढा रस्ता, मध्ये कोण कुठे थांबतं कुणास ठाऊक, असं ती यशपालला म्हणाली. तो भांडी पुसत होता. नुसतं "हं" म्हणाला.

पुढच्या आठवड्यात सर्जचाच फोन आला. या वेळी आवाजात गोडवा नव्हता.

"तुमची निम्मी यंत्रं सुरूच होत नाहीत. उरलेली नीट चालत नाहीत."

"शक्य नाही. मी स्वतः तपासलीत. चाकापाशी निळी पट्टी आहे बघा."

त्याने कॅमेरा एकेका यंत्राच्या पायाशी नेला. पट्टी एकावरही नव्हती.

"म्हणजे बंदरात कोणीतरी बदलली," क्रांती म्हणाली.

सर्जने कंटेनरचं तुटलेलं सील कॅमेऱ्यासमोर धरलं. "क्लिनिकच्या दारात तोडलं, सगळ्यांसमोर. तुमच्या लिंडनरनी पाठवलेल्या फोटोशी नंबर ताडून बघा. तुम्ही महिनाभर जहाजावर नजर ठेवलीत. जहाज सुटायच्या आधी कोणी ठेवली होती?"

तिने रागाने फोन ठेवला. नंबर ताडून बघितला. तोच होता. म्हणजे वाटेत कंटेनर कोणी उघडला नव्हता.

यशपाल म्हणाला, "क्रिबीचं बंदर तुला इथून तपासता येणार नाही. गोदाम येईल."

शनिवारी ती नेहमीपेक्षा लवकर गेली. मागच्या भिंतीशी खाटांच्या आड ताडपत्री होती. तिने ती उचलली. यंत्रं नीट रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या चाकापाशी निळी पट्टी.

लिंडनर आले, तिला तिथे उभी बघून दचकलेसुद्धा नाहीत.

"तिकडच्या दमट हवेत ती वर्षभर टिकली नसती," ते म्हणाले. "तिकडचे लोक मोडकी जोडून चालवतात, त्यांना सवय असते. ही इथल्या एका वृद्धाश्रमाला देतोय. तिथे नीट वापरली जातील."

"मग माझ्याकडून तपासून कशाला घेतलीत?"

"चांगली कुठली ते कळायला."

"आणि भंगारातली तिकडे?"

"हो, अर्थात." एवढंच बोलून त्यांनी ताडपत्री पुन्हा ओढून घेतली.

क्रांतीने संस्थेच्या बाकीच्यांना त्याच दिवशी बोलावून सगळं दाखवलं. वाद झाला. दोघं-तिघं लिंडनरच्या बाजूनेही बोलले. शेवटी लिंडनर संस्थेतून बाहेर पडले आणि यंत्रं पुढच्या कंटेनरने पाठवायचं ठरलं. आता बसस्टॉपवर दिसले तर लिंडनर मान वळवतात.

सर्जला फोन करणं जास्त जड गेलं. "माझं चुकलं," ती म्हणाली. "मी तुमच्यावर संशय घेतला. आडनाव ऐकून मलाही लोकांनी दारातून परत पाठवलंय, मला तरी हे कळायला हवं होतं."

तो 'असू दे' म्हणाला नाही. म्हणाला, "या वेळी प्रत्येक यंत्र मला चालवून दाखवा, कॅमेऱ्यासमोर. मी हो म्हटल्यावरच कंटेनरमध्ये घाला. आणि सील लागेपर्यंत फोन चालू ठेवा."

तिला क्षणभर अपमान वाटला. पण ती हो म्हणाली.

भरायच्या दिवशी तिने रजा काढली. गोदीवर बोचरं वारं सुटलं होतं. यशपाल एकेक यंत्र ढकलत आणत होता, ती प्लग लावून फोन पुढे धरत होती.

"थांबा," सर्ज म्हणाला. "ऑक्सिजनचा आकडा नीट दिसला नाही. पुन्हा लावा."

तिने बाहीने आकड्यावरची काच पुसली आणि यंत्र पुन्हा सुरू केलं.