थर्झा क्लेगची खिडकी

थर्झा क्लेगची आणि माझी ओळख भांडणातूनच झाली. अमेरिकेतल्या फॉल रिव्हरच्या त्या कापड गिरणीत तिचे साचे, म्हणजे विणायचे माग, माझ्या साच्यांना लागून होते. पहिल्याच दिवशी तिनं मला सुनावलं, की खिडकीपाशी उभी राहिलीस म्हणून खिडकी तुझी होत नाही. मी म्हटलं, बाई, ती खिळे ठोकून बंद केलेली आहे, हवी तर घरी घेऊन जा.

विणाई खात्यातल्या सगळ्याच खिडक्या तशा होत्या. दमट हवेत सूत मऊ राहतं, पटकन तुटत नाही, म्हणून मालकांनी त्या कायमच्या बंद करून वरच्या नळांतून वाफ सोडायला सुरुवात केली होती. हिवाळ्यात घरी जाताना घामानं भिजलेले कपडे रस्त्यातच कडक व्हायचे. उन्हाळ्याचं तर विचारूच नका.

आम्ही बहुतेक सगळे इंग्लंडातल्या लँकेशरहून आलेले. थर्झाचा नवरा येतानाच जहाजावर तापानं गेला. इथं तिचा थोरला भाऊ जेबेझ होता, सूतकताई खात्यात. त्या कातणाऱ्यांची युनियन जुनी, दांडगी आणि सगळी पुरुषांची. जेबेझ युनियनच्या कमिटीवर होता. आम्हा विणकरांत बायाच जास्त आणि आम्हाला युनियन नव्हती, त्यामुळे मालकाच्या कानावर काही घालायचं तर ते जेबेझच्या तोंडून जायचं. थर्झाला ते मुळीच पटत नसे. गुदमरायचं आपण आणि सांगायचं त्यानं, असं ती सगळ्यांसमोर म्हणायची. जेबेझ ऐकून न ऐकल्यासारखं करायचा.

मग एका उन्हाळ्यात मालकांनी प्रत्येकीकडे दोन साचे वाढवले. त्याच आठवड्यात डेलिमा गान्यों चालत्या साच्यावर कोसळली. डेलिमा कॅनडातून आलेली, फ्रेंच बोलणारी, पदरात पाच मुलं. मी पट्टा सरकवून साचा थांबवला म्हणून तिचा हात वाचला. आम्ही तिला जिन्यात नेऊन बसवलं. थर्झा तशीच मुकादम लॅथ्रॉपकडे गेली आणि एक खिडकी, फक्त एक, उघडायची परवानगी मागितली. लॅथ्रॉप कधी आवाज चढवत नसे. तो म्हणाला, "बाई, हवा खायला समुद्रकिनारा आहे की."

संप झाला तो त्या वाक्यावरून, असं मी आजही म्हणेन. सभेत दोन मागण्या ठरल्या: वाढवलेले साचे काढा आणि उन्हाळ्यात खिडक्या उघडा. दुसरी थर्झानं मांडली आणि बायांनी टाळ्यांनी हॉल दणाणून सोडला. कातणारेही आमच्याबरोबर बाहेर पडले, तेवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं.

पानगळ सुरू झाली तरी गिरणी बंदच होती. ओहोटीला आम्ही खाडीच्या चिखलात शिंपल्या खणायचो. शिंपल्यांचं कालवण आणि मक्याची भाकरी खाऊन खाऊन पोरं तोंड फिरवायला लागली. गिरणीच्या चाळीतली काही घरं रिकामी करवली गेली आणि डेलिमा पाच पोरांसह माझ्या स्वयंपाकघरात राहायला आली. थर्झा रोज फाटकासमोर उभी राहायची, आत जाऊ पाहणाऱ्याला नावानं हाक मारायची आणि त्याची अशी खरडपट्टी काढायची की तो माघारी वळायचा.

बोलणी झाली त्या दिवशी तीही जेबेझबरोबर ऑफिसात निघाली. बायांना आत घेत नाहीत, तू जिन्यात थांब, असं त्यानं सांगितलं. ती थांबली. मीही तिच्याबरोबर होते. बऱ्याच वेळानं तो खाली आला तेव्हा चेहरा उजळलेला होता. म्हणाला, साचे मागे घेतले, सोमवारी घंटा वाजली की सगळे कामावर.

"आणि खिडक्या?" थर्झानं विचारलं.

"थर्झा, खिडक्यांसाठी कोणी हिवाळाभर उपाशी राहत नाही."

"तू मागितल्यास तरी का, दादा?"

त्यानं टोपी घातली आणि हॉलमध्ये सगळे वाट बघताहेत म्हणाला. त्याच्या खात्यातल्या खिडक्याही बंदच असायच्या, पण त्यांच्याकडे वाफेचे नळ नव्हते. हॉलमध्ये त्याला खांद्यावर घेतलं. थर्झानं त्याच्याशी बोलणं सोडलं.

हिवाळ्यात वाढवलेल्या साच्यांपैकी एक गुपचूप परत आला आणि त्यावर कोणी चकार शब्द काढला नाही. पुढच्या उन्हाळ्यात, एका असह्य दुपारी, थर्झानं साचे दुरुस्त करणाऱ्या जॉबरची पक्कड उचलली, माझ्याजवळच्या खिडकीचे खिळे उपटले आणि खांद्यानं धक्का देऊन ती उघडली.

खाडीवरचा वारा आत आला. कितीतरी जणी हात सोडून नुसत्या तिथं उभ्या राहिल्या. डेलिमा रडायलाच लागली. लॅथ्रॉप खात्याच्या दुसऱ्या टोकाला होता. तो हात मागे बांधून सावकाश आला आणि खिडकीपाशी उभा राहिला.

त्याला बोलायची गरजच नव्हती. वाऱ्यानं हवा कोरडी पडली आणि सूत तुटायला लागलं. आधी माझ्या एका साच्यावर, मग डेलिमाच्या, मग पलीकडच्या रांगेत. गाठ मारावी तर शेजारी दुसरा धागा तुटलेला. साचा थांबला की कापड थांबतं आणि आम्हाला मजुरी कापडावर. पहिली ओरड मागून आली, कोणाची ते कळलं नाही. मग चारी बाजूंनी तेच सुरू झालं, की बंद कर ती.

थर्झा सगळ्यांकडे वळून म्हणाली, की सूत हवेनं तुटत नाही, मालकानं रद्दी कापूस घेतलाय म्हणून तुटतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. पण कापूस बदलणं आमच्या हातात नव्हतं, खिडकी होती.

"थर्झा, माझे चार साचे थांबलेत गं," डेलिमा म्हणाली. "लाव ना ती."

थर्झानं तिच्याकडे असं पाहिलं, की मी खाली मान घातली. मग तिनं स्वतःच खिडकी ओढून घेतली. लॅथ्रॉपनं जॉबरच्या पेटीतून हातोडा काढून तिच्यापुढे धरला. रागानं नव्हे, अगदी अदबीनं. तिनं तो घेतला, जमिनीवर ठेवला, एप्रन सोडून त्यावर टाकला आणि जिना उतरून गेली. खिळे शेवटी डेलिमानं ठोकले. तिला मी दोष देणार नाही. पण ठोकताना ती एकदाही थांबली नाही, हेही मी विसरले नाही.

त्यानंतर गावातल्या एकाही गिरणीनं थर्झाला उभं केलं नाही. आईचं नाव लावून एके ठिकाणी शिरली, तर तोंड उघडताच ओळखली गेली. शेवटी ती घरी पिठाच्या पारीत मटण भरून पाई भाजायला आणि फाटकाशी विकायला लागली. गिऱ्हाईक कोण, तर आम्हीच. पाई उत्तम असायच्या आणि प्रत्येक पाईबरोबर एक टोमणा फुकट. डेलिमाला ती कधी टोमणा मारत नसे. नुसती पाई द्यायची. डेलिमाला तेच जास्त लागायचं.

काही वर्षांनी विणकरांची स्वतःची युनियन झाली. थर्झा गिरणीत नसतानाही सभेला आली आणि उभी राहून बोलली. अध्यक्षांनी तिचे आभार मानले आणि पुढचा विषय घेतला. घरी परतताना ती वाटभर मलाच बोलत होती, जणू अध्यक्ष मीच होते.

मग कताईची नवी यंत्रं आली. ती चालवायला तगडे, मुरलेले कातणारे लागत नव्हते, पोरी पुरत होत्या. कातणाऱ्यांनी संप केला, पण विणाई खात्यात साचे चालूच राहिले. आमच्यातलं कोणीही बाहेर पडलं नाही. त्यांची युनियन बघता बघता विरघळली.

जेबेझ एका सकाळी थर्झाच्या दारात आला तेव्हा मी तिथं कांदे चिरत होते. तो बराच म्हातारा दिसत होता. टोपी हातात घेऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आमच्यासाठी कोणीच बाहेर आलं नाही, थर्झा."

ती पीठ चाळत होती. वर न बघता म्हणाली, "जिन्यात थांबले असतील."

मला वाटलं तो जाईल. तो गेला नाही, दारातच उभा राहिला. बऱ्याच वेळानं तिनं परात त्याच्याकडे सरकवली आणि हात धुऊन ये म्हणाली. त्यानं बाह्या वर केल्या आणि पीठ मळायला घेतलं. ते त्याला धड जमत नव्हतं, आणि ती ते त्याला दर दोन मिनिटांनी सांगत होती.