त्येला बिनलग्नाचा म्हणू नगा

तिरडी अंगणात बांधून तयार व्हती, अन् इनामदार जोत्यावर बसून हसत व्हते.

भोरला तवा संस्थान व्हतं. हिर्डोशीला मी अन् गणपत इनामदारांची भातखाचरं कसायचो, त्यांच्याच खोपटात ऱ्हायाचो. गाव आमाला जोडीदार म्हणायचं. दोन गड्यांबिगर शेती व्हत न्हाई, म्हणून कुणी खोलात शिरायचं न्हाई. हिवतापानं गणपत गेला.

बिनलग्नाचा गडी मेला तर भूत हून फिरतो म्हणं. म्हणून जाळायच्या आदी रुईशी त्येचं लगीन लावायची रीत. फांदी आली. मेलेल्या अंगाला हळद लावली. इनामदार म्हणाले, "लावा रुईशीच. बाई काही ह्याला मानवली नसती."

माणसं हसली. मढ्याम्होरं हसली. मग इनामदारांनी माज्याकडं बोट केलं.

"अंतरपाट तू धर. तुझ्याइतकं जवळचं कोण आहे त्याला?"

धरला म्या. हिकडं गणपत, तिकडं रुई, अन् मधल्या पडद्याचं टोक माज्या हातात. आज सांगतानाबी तळपायाची आग मस्तकात जाती. पण तवा भ्यालो व्हतो. जमीन त्यांची, खोपट त्यांचं. अक्षता पडायच्या येळंला गणपतच्या तोंडाकडं बघितलं. हळदीत त्यो लई देखणा दिसत व्हता. टाळकंच सटकलं माजं. अंतरपाट टाकून दिला.

"त्येचं लगीन झालंया. माज्याशी."

आता कुणी हसंना. इनामदार पान थुंकून उठले, उद्या खोपट मोकळं कर म्हणाले. त्यांच्या मागं एकेक करून समदे गेले. खांद्याला माणूस उरला न्हाई.

गणपतची आई तेवढी व्हती. जल्मात कदी मोठ्यानं न बोललेली म्हातारी. पदर खोचला, तिरडीचा म्होरला बांबू धरला.

"उचल," म्हणाली. "आग तूच दे त्येला."

नीरेच्या काठाला नेला आमी दोघांनी, टेकवत टेकवत.

म्होरं वेल्ह्याकडं मोलमजुरी करत जल्म काढला. आता हे लिवतोय. पुतणी पुण्यात मास्तरीण हाय, ती माजं लिवलेलं नीट करून देती. काका, जग बदललं, आता असल्या माणसांना कोण वाळीत टाकत न्हाई, म्हणती. अन् त्याच दमात म्हणती, "पण आपण 'जिवलग मित्र' लिहूया ना. घरातल्या मुलींची लग्नं व्हायचीत अजून."

पोरगी वाईट न्हाई. माया हाय तिची. पण दिसभर अंगणात येरझाऱ्या घातल्या म्या. बसवंना, जेववंना. मढ्याम्होरं बोललो, अन् आता कागदावर गप बसू?

ज्या घराला हे वाचून आमची पोरगी नको वाटंल, त्या घरात ती जायाचीच न्हाई. कागद म्या माघारी घेतलं. अक्षर माजं वाकडं हाय, तसंच जाऊ द्या. मित्र लिवणार न्हाई. गणपत माजा माणूस व्हता.